मराठवाड्यातील हिवाळा आणि मिठाच्या पाण्याचा जलतरण तलाव: नव्या मालकांसाठी

मिठाच्या पाण्यावर चालणारा जलतरण तलाव नव्याने बांधलेल्या माणसाला पहिल्या हिवाळ्याच्या तोंडावर दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला असा, की आता थंडीत पोहणार कोण, तेव्हा पाणी सोडून द्या आणि मार्चमध्ये नव्याने भरा. दुसरा असा, की मिठापासून क्लोरीन बनवणारे यंत्र बंद करून पाणी आहे तसे राहू द्या, थंडीत शेवाळ येत नाही. छत्रपती संभाजीनगरपासून नांदेडपर्यंत आणि जालन्यापासून धाराशिवपर्यंत कुठेही हे दोन्ही सल्ले महागात पडतात. मराठवाड्यात हिवाळी देखभालीचा खरा हेतू तेच पाणी उन्हाळ्यापर्यंत निरोगी ठेवणे हा असतो. त्यासाठी लागणारे कष्ट उन्हाळ्याच्या निम्मेही नसतात. मात्र ते वेळच्या वेळी आणि मोजून करावे लागतात.

थंड प्रदेशांत हिवाळ्यात तलाव बंद करतात, कारण तिथे नळांतले पाणी गोठून नळ फुटतात. आपल्याकडे ती भीती नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत रात्रीचे तापमान साधारण १० ते १५ अंशांच्या आसपास असते, परभणीकडे कडाक्याच्या थंडीत पारा एक अंकी होतो, पण दुपारी पुन्हा २८-३० अंशांचे ऊन पडते. अशा हवेत तलावाचे पाणी बहुधा १८ ते २२ अंशांच्या दरम्यान राहते. या तापमानाला शेवाळाची वाढ मंदावते, थांबत नाही. क्लोरीन संपलेले पाणी जानेवारीतही हिरवे होते, फक्त एप्रिलपेक्षा थोडे उशिरा.

तलाव रिकामा करण्याला तर तीन कारणांनी विरोध करावा लागतो. पावसाळ्यानंतर जमिनीतील पाण्याची पातळी वर असते आणि रिकाम्या तलावाच्या तळाला ते पाणी खालून रेटते. आपली काळी माती ओली असताना फुगते आणि वाळताना आकसते, त्यामुळे आतून पाण्याचा आधार गेलेल्या भिंतींना तडे जाण्याचा धोका वाढतो. दुसरे कारण पाण्याच्या किमतीचे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे पाहिलेल्या भागात सत्तर हजार लिटर चांगले पाणी नाल्यात सोडणे आणि मार्चमध्ये टँकरच्या मागे फिरणे शहाणपणाचे नाही. तिसरे कारण मिठाचे आहे आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. तलावातील पाण्यात लिटरमागे तीन ग्रॅमहून अधिक मीठ असते, त्याची विद्युतवाहकता मीटरला ५ ते ६ डेसिसायमन्सपर्यंत जाते, आणि ३ डेसिसायमन्सच्या वरचे पाणी सिंचनाला घातक मानले जाते. असे पाणी शेतात सोडल्यास त्यातील सोडियम काळ्या मातीची घडण बिघडवते आणि ती जमीन पुढे निचरा होऊ देत नाही.

यंत्र काय करते

मिठाच्या तलावात क्लोरीन नसते, हा समज आधी दूर करावा. पाण्यातील मिठाचे यंत्राच्या सेलमध्ये विद्युत विघटन होते, त्यातून क्लोरीन तयार होते, ते जंतू आणि शेवाळ मारते आणि शेवटी पुन्हा मिठाच्याच रूपात पाण्यात परतते. म्हणून मीठ रोज संपत नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. तलावाला बहुतेक यंत्रे ३ ते ३.५ ग्रॅम, म्हणजे ३००० ते ३५०० पीपीएम (दहा लाख भागांतले भाग) मीठ मागतात. नेमका आकडा आपल्या यंत्राच्या पुस्तिकेत पाहावा आणि तोच प्रमाण मानावा. सेलच्या आत विशिष्ट लेप दिलेल्या टायटॅनियमच्या पट्ट्या असतात. हा लेप झिजला की सेल बदलावा लागतो आणि तो संपूर्ण यंत्रणेतला महागडा भाग आहे. पुढे जे सांगितले आहे त्यातील बरेचसे या सेलचे आयुष्य वाढावे यासाठीच आहे.

पहिली पायरी: ऑक्टोबरअखेर मोजमाप

परतीचा पाऊस थांबल्यावर आणि थंडी पडण्यापूर्वी, म्हणजे साधारण दिवाळीच्या सुमारास, पाण्याची संपूर्ण तपासणी करावी. पावसाने तलाव भरून वाहिलेला असतो, त्यामुळे मीठ आणि स्टॅबिलायझर (उन्हापासून क्लोरीन वाचवणारी पावडर) दोन्ही पातळ झालेले असतात, आणि पाणी अजून कोमट असल्यामुळे यंत्रावरील आकडेही विश्वासार्ह असतात. तपासणीसाठी थेंबांचा चांगला संच घ्यावा. पिवळा रंग दाखवणारा स्वस्त संच एकूण क्लोरीन सांगतो; आपल्याला मुक्त, म्हणजे जंतू मारायला शिल्लक असलेले, क्लोरीन हवे असते आणि त्यासाठी गुलाबी रंग देणारा डीपीडी संच लागतो.

त्याआधी आपल्या तलावात किती पाणी मावते हे काढून भिंतीवर लिहून ठेवावे. या लेखात उदाहरणादाखल १० मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल तलाव धरला आहे; त्याचे घनफळ ७० घनमीटर, म्हणजे ७०,००० लिटर होते. तलाव उतरता असेल तर उथळ आणि खोल टोकांची सरासरी घ्यावी. हा आकडा चुकला तर पुढचे प्रत्येक माप चुकते.

मुक्त क्लोरीन ३ ते ४ पीपीएम, पीएच ७.४ ते ७.८, एकूण क्षारता (पाण्याची ॲसिड पचवण्याची ताकद) ६० ते ८० पीपीएम, कॅल्शियमचा कठीणपणा २०० ते ४०० पीपीएम आणि स्टॅबिलायझर, म्हणजे सायन्युरिक ॲसिड, ५० ते ६० पीपीएम एवढे असले की हिवाळ्याला सामोरे जाता येते. स्टॅबिलायझर उन्हापासून क्लोरीनचे रक्षण करतो, पण तो जितका जास्त तितके क्लोरीन मंद काम करते. म्हणून मुक्त क्लोरीन त्याच्या निदान पाच टक्के असावे असा हिशेब ठेवतात. हिवाळ्यात ऊन कोवळे असते, तेव्हा स्टॅबिलायझर ४० पर्यंत उतरला तरी नवा घालण्याची घाई करू नये.

दुसरी पायरी: पंपाचे तास आणि वेळ

उन्हाळ्यात ज्या तलावाला दिवसाला ३ पीपीएम क्लोरीन लागते, त्याला हिवाळ्यात १ पीपीएमच्या आसपास पुरते. आपल्या ७०,००० लिटरच्या तलावात १ पीपीएम म्हणजे ७० ग्रॅम क्लोरीन. तासाला २० ग्रॅम क्षमतेचे यंत्र ७० टक्क्यांवर पाच तास चालवले की नेमके तेवढे तयार होते. म्हणून नोव्हेंबरच्या मध्यापासून पंप दहा तासांवरून पाच-सहा तासांवर आणावा आणि एक आठवडाभर दर दोन दिवसांनी क्लोरीन मोजून टक्केवारी कमी-जास्त करावी. तास एकदम तीनवर आणणे टाळावे, कारण मग गाळण पुरेसे होत नाही आणि कोपऱ्यांतले पाणी साचून राहते.

पंप सकाळी अकरा ते चारच्या दरम्यान चालवावा. पाणी फार थंड झाले की सेल क्लोरीन बनवणे थांबवतो. काही यंत्रांत ही मर्यादा १५ अंश तर काहींत १० अंश असते. डिसेंबरअखेरच्या पहाटे उथळ तलावाचे पाणी १५ च्या जवळ येऊ शकते, आणि पहाटे टायमर लावलेला असेल तर पंप चालू, वीजबिल चालू आणि क्लोरीन मात्र शून्य अशी स्थिती होते. शेतघरावर दिवसा वीज कधी असते यावर वेळ ठरवावी लागते हे खरे आहे. पण शेतपंपाच्या जोडणीवर तलाव चालवू नये. ती जोडणी शेतीसाठी असते, आणि रात्रीच्या पाळीची वीज सेलच्या उपयोगाची नसते. विजेचा दाब खाली-वर होत असेल तर यंत्राच्या आधी स्टॅबिलायझर बसवून घ्यावा. इथे स्टॅबिलायझर म्हणजे विजेचा, वर सांगितलेल्या पावडरीशी त्याचा संबंध नाही.

सेल थंडीमुळे बंद पडला किंवा बिघडला तर क्लोरीन हाताने द्यावे लागते. १० टक्क्यांचे द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइट ७०० मिलिलिटर घेतले की त्यात सुमारे ७० ग्रॅम क्लोरीन मिळते. ते संध्याकाळी पंप चालू ठेवून, परतीच्या नळाजवळ सावकाश ओतावे. ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल पावडर तलावात टाकण्याचा मोह इथे अनेकांना होतो, कारण ती सहज मिळते. पण तिच्यातील चुना पाणी गढूळ करतो आणि आधीच कठीण असलेल्या पाण्यात आणखी कॅल्शियम भरतो. टीसीसीए ९० (क्लोरीन आणि सायन्युरिक ॲसिड एकत्र असलेले रसायन) च्या गोळ्या किंवा पावडर चार-दोन दिवस चालेल, महिनाभर नाही. तिच्यातून मिळणाऱ्या प्रत्येक १ पीपीएम क्लोरीनबरोबर ०.६ पीपीएम सायन्युरिक ॲसिड पाण्यात येते आणि ते पाणी बदलल्याशिवाय कमी होत नाही.

तिसरी पायरी: ‘मीठ कमी’ हा दिवा

हिवाळ्यात नव्या मालकांचे सर्वाधिक नुकसान याच एका दिव्याने होते, म्हणून हा भाग सावकाश वाचावा.

यंत्र मीठ प्रत्यक्ष मोजत नाही. ते पाण्यातून वीज किती सहज वाहते हे मोजते आणि त्यावरून मिठाचा अंदाज बांधते. थंड पाण्यातून वीज कमी वाहते, दर अंशाला साधारण दोन टक्क्यांनी. ३० अंशांचे पाणी १८ अंशांवर आले की मीठ तेवढेच असूनही वाहकता वीस टक्क्यांहून अधिक घटते, आणि ज्या यंत्रात तापमानाची भरपाई करण्याची सोय नाही किंवा ज्याचा तापमापक बिघडला आहे, तिथे ३२०० चा आकडा २५०० दिसू लागतो. दिवा लागतो, मालक देखभाल करणाऱ्याला फोन करतो, तो ‘मीठ टाका’ म्हणतो, आणि ७०० पीपीएमची तथाकथित तूट भरून काढण्यासाठी ७०,००० लिटरच्या तलावात ४९ किलो, म्हणजे जवळजवळ ५० किलोची एक गोणी रिकामी होते. मार्चमध्ये पाणी तापले की तेच यंत्र ३९०० दाखवते, ‘मीठ जास्त’ म्हणून बंद पडते, आणि मीठ कमी करण्याचा एकमेव व्यवहार्य मार्ग उरतो तो पाणी काढून नवे भरण्याचा. म्हणजे जे पाणी वाचवण्यासाठी सगळा हिवाळा खटाटोप केला तेच ऐन टंचाईत सोडावे लागते.

यावर उपाय साधा आहे. दिवा लागल्यावर मिठाच्या गोणीकडे हात नेऊ नये. तलावातील पाण्याचा नमुना दोन-अडीच हात खोलीवरून बाटलीत घ्यावा, घरात ठेवून तो खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा आणि मिठाच्या पट्टीने, क्लोराइड मोजणाऱ्या थेंबांच्या संचाने किंवा तापमान भरपाई असलेल्या चांगल्या मीटरने तपासावा. स्वतंत्र मोजणीत मीठ ठीक निघाले तर सेल काढून पाहावा, कारण क्षार चढलेला किंवा जुना झालेला सेलसुद्धा मीठ कमी असल्याचेच सांगतो. सेलही स्वच्छ असेल तर दोष थंडीचा समजावा आणि दुपारी पाणी सर्वांत उबदार असताना यंत्र पुन्हा सुरू करून पाहावे.

मीठ खरोखर कमी होण्याची कारणे मोजकीच आहेत: पावसाने तलाव वाहणे, बॅकवॉश (उलट प्रवाहाने फिल्टर धुणे), पोहताना बाहेर उसळणारे पाणी आणि गळती. नोव्हेंबरनंतर पाऊस नसताना मीठ झपाट्याने उतरत असेल तर आधी गळती शोधावी. एक बादली तलावाच्या पायरीवर अर्धी बुडवून ठेवावी, तिच्यात तलावाच्या पातळीइतकेच पाणी भरावे, आत आणि बाहेर खूण करावी आणि पंप बंद ठेवून एक दिवस थांबावे. बाष्पीभवनाने दोन्हीकडचे पाणी सारखेच उतरते. तलावाचे अधिक उतरले तर गळती आहे.

मीठ घालायचेच ठरले तर हिशेब असा करावा: हव्या असलेल्या आणि असलेल्या पीपीएममधील फरक गुणिले तलावाचे लिटर, भागिले दहा लाख, म्हणजे किलो. ५०० पीपीएमच्या खऱ्या तुटीला आपल्या तलावात ३५ किलो लागतात. त्यातील दोन तृतीयांशच आधी घालावेत आणि बाकीचे दोन दिवसांनी पुन्हा मोजून. मीठ ९९ टक्क्यांहून अधिक शुद्ध आणि आयोडीन नसलेले असावे. बाजारातील जाडे खडे मीठ स्वस्त असते, पण त्यासोबत माती, मॅग्नेशियम आणि कॅल्शियमही येते. थंड पाण्यात मीठ सावकाश विरघळते. ते तळाला साचू न देता ब्रशने पसरवावे, पंप चोवीस तास चालू ठेवावा आणि तोवर सेल बंद ठेवावा.

चौथी पायरी: बोअरचे पाणी आणि पीएच

मराठवाड्याच्या बहुतांश भागाखाली दख्खनचा काळा बेसॉल्ट खडक आहे आणि त्यातून येणारे बोअरचे पाणी बहुधा कठीण व क्षारतायुक्त असते. त्यात मिठाच्या यंत्राचा स्वतःचा स्वभाव असा, की सेलमध्ये सुटणारे हायड्रोजनचे बुडबुडे पाण्यातील कार्बन डायऑक्साइड बाहेर काढतात आणि पीएच सतत वर चढत राहतो. क्षारता जितकी जास्त तितकी ही चढण वेगवान. म्हणून मिठाच्या तलावात क्षारता ६० ते ८० एवढीच ठेवतात, साध्या क्लोरीनच्या तलावापेक्षा कमी.

हिवाळ्यात हवा कोरडी असते आणि पाणी उडते, याचा परिणाम अनेकांच्या लक्षात येत नाही. समजा दिवसाला सरासरी ४ मिलिमीटर पाणी उडाले, तर ५० चौरस मीटर पृष्ठभागावरून २०० लिटर जातात आणि चार महिन्यांत ते २४,००० लिटर होतात. बासुंदी आटताना दूध कमी होते, साखर कमी होत नाही. तसेच इथे पाणी जाते आणि क्षार मागे राहतात. ती तूट ३५० पीपीएम कॅल्शियम कठीणपणाच्या बोअरच्या पाण्याने भरली तर तलावात ८.४ किलो क्षारांची भर पडते आणि कठीणपणा एका हिवाळ्यात १२० पीपीएमने वाढतो. क्षारताही तेवढीच आली तर तिला उतरवण्यासाठी सुमारे १७ लिटर तीव्र हायड्रोक्लोरिक ॲसिड लागेल, कारण ७०,००० लिटरमध्ये क्षारता १० पीपीएमने उतरवण्यास ३० ते ३३ टक्क्यांचे ॲसिड साधारण १.४ लिटर लागते.

यावरून दोन गोष्टी निघतात. पाणी उडूच न देणे हा सर्वांत स्वस्त उपाय, त्याविषयी पुढे सांगितले आहे. आणि भर घालायची असेल तेव्हा शक्य असल्यास पावसाचे साठवलेले पाणी किंवा धरणावरून येणारे नळाचे पाणी वापरावे, बोअरचे सर्वांत शेवटी. छतावरचे पावसाचे पाणी टाकीत धरून ठेवण्याची सोय असलेल्यांना हिवाळ्यात ॲसिडचा खर्च निम्म्यावर आलेला दिसतो, असे माझे निरीक्षण आहे. शेजारच्या शेततळ्यातले पाणी मात्र घेऊ नये. त्यात खतांचे अंश असतात आणि ते शेवाळाला पोसतात.

थंडी एका बाबतीत मदत करते. चुन्याचा थर पाणी गरम असताना लवकर बसतो. थंड पाणी चुना धरून ठेवते. त्यामुळे उन्हाळ्यात ७.५ च्या वर जाऊ न दिलेला पीएच हिवाळ्यात ७.८ पर्यंत चालतो आणि प्रत्येक वेळी ॲसिड ओतावे लागत नाही. याची दुसरी बाजू अशी, की मऊ पाण्याने भरलेल्या तलावात थंड पाणी फरश्यांमधील ग्राउट आणि सिमेंटातला चुना ओढू लागते. कठीणपणा २०० च्या खाली आणि पीएच ७.२ च्या खाली असे दोन्ही एकाच वेळी हिवाळ्यात होऊ देऊ नये.

ॲसिड हाताळताना हातमोजे आणि चष्मा वापरावा. ते नेहमी बादलीभर पाण्यात ओतावे, ॲसिडमध्ये पाणी कधीही ओतू नये. पातळ केलेले ॲसिड पंप चालू असताना खोल बाजूस, काठाकाठाने चालत थोडे थोडे सोडावे आणि त्यानंतर निदान अर्धा तास कोणालाही पाण्यात उतरू देऊ नये. ॲसिड आणि क्लोरीनची कोणतीही पावडर किंवा द्रव एकाच खोलीत, एकाच मापाने किंवा एकाच बादलीत वापरू नये; दोन्ही एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू सुटतो. संडास-फरशी धुण्यासाठी मिळणारे रंगीत, वासाचे ॲसिड तलावासाठी नाही.

पाचवी पायरी: सेलची स्वच्छता

महिन्यातून एकदा सेल उघडून प्रकाशाकडे धरून पाहावा. पट्ट्यांमध्ये पांढरा थर नसेल तर काहीही करू नये, परत बसवून टाकावा. थर असेल तर आधी पाण्याचा फवारा मारून पाहावा. त्याने न गेल्यास दहा भाग पाण्यात एक भाग ॲसिड असे द्रावण प्लास्टिकच्या बादलीत करून त्यात सेल बुडवावा, विजेची जोडणी ओली होऊ देऊ नये, आणि बुडबुडे थांबताच, साधारण दहा-पंधरा मिनिटांत, बाहेर काढून स्वच्छ पाण्याने धुवावा. सेल काढण्याआधी मुख्य वीज बंद करणे आणि सेलपुढचे व्हॉल्व्ह बंद करणे अर्थातच आवश्यक आहे. स्क्रूड्रायव्हरने किंवा तारेच्या ब्रशने थर खरवडणाऱ्या कामगाराला तिथेच थांबवावे, कारण थराबरोबर लेपही निघतो. दर आठवड्याला ‘खबरदारी म्हणून’ ॲसिडने धुणेही तितकेच वाईट. सेलमधील विजेची दिशा आलटून-पालटून स्वतःला साफ करणाऱ्या यंत्रांना हिवाळाभर ॲसिडची गरज बहुधा पडत नाही.

ज्या खोलीत यंत्र आहे तिला हवा खेळती हवी, कारण सेलमध्ये हायड्रोजन तयार होतो. पाण्याचा प्रवाह थांबल्यावर सेल आपोआप बंद होतो की नाही हे वर्षातून एकदा तरी पंप बंद करून तपासावे.

सहावी पायरी: आच्छादन, पाचोळा आणि काजळी

तलावावर चांगले आच्छादन घातले तर बाष्पीभवनाचा मोठा भाग थांबतो, पाणी रात्री कमी थंड होते आणि कचरा वर राहतो. त्यासाठी बनवलेले तरंगते आच्छादन उत्तम. ताडपत्री वापरल्यास ती मध्ये झोळ न पडता ताणून बांधावी, कारण झोळात साचलेले पाणी आणि त्यावर पाय पडलेले मूल किंवा कुत्रे ही दुर्घटनेची तयारीच असते. सैल आच्छादन उघड्या तलावापेक्षा धोकादायक आहे. लहान मुले असलेल्या घरी कुंपण आणि कुलूपबंद फाटक हेच खरे संरक्षण. शेडनेट पाचोळा अडवते, बाष्पीभवन फारसे नाही.

आच्छादन घातल्यावर ऊन आत जात नाही आणि क्लोरीन फार कमी खर्च होते. त्यामुळे यंत्राची टक्केवारी त्याच दिवशी खाली आणावी, नाही तर आठवडाभरात क्लोरीन ८-१० पीपीएमपर्यंत चढून आच्छादन आणि शिडीचे धातूचे भाग खराब होतात. आठवड्यातून एकदा दुपारी काही तास आच्छादन काढून ठेवावे.

बीड, लातूर, धाराशिवकडे ऊसतोडीच्या हंगामात पाचट जाळले की वाऱ्याबरोबर काजळी येते, आणि तूर-सोयाबीनची मळणी जवळपास चालू असेल तर भुसा येतो. हे दोन्ही पाण्यावर आधी तरंगतात. त्याच दिवशी जाळीने काढले तर पाच मिनिटांचे काम, दुसऱ्या दिवशी तळाला बसले तर व्हॅक्यूमचे. भिंती आणि पायऱ्या आठवड्यातून एकदा ब्रशने घासाव्यात, विशेषतः सावलीची बाजू.

बॅकवॉश तारखेप्रमाणे न करता दाबाप्रमाणे करावा. स्वच्छ फिल्टरचा दाब टिपून ठेवावा आणि तो ८ ते १० पीएसआयने वाढल्यावरच बॅकवॉश करावा. मिनिटाला २०० लिटरचा पंप तीन मिनिटे चालला तर ६०० लिटर पाणी आणि त्याबरोबर सुमारे दोन किलो मीठ बाहेर जाते. हे पाणी शेतात, विहिरीजवळ किंवा झाडांच्या आळ्यात सोडू नये.

सातवी पायरी: हुरड्याचे पाहुणे

हिवाळ्यात तलाव रोज वापरला जात नाही, पण डिसेंबर-जानेवारीत हुरड्याच्या निमित्ताने शेतावर एकदम वीस-पंचवीस माणसे येतात आणि दुपारच्या उन्हात निम्मी तरी पाण्यात उतरतातच. कमी टक्केवारीवर चालणारे यंत्र हा भार एका दिवसात पेलू शकत नाही. म्हणून पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी यंत्र १०० टक्क्यांवर ठेवून क्लोरीन ५ पीपीएमपर्यंत न्यावे, उतरण्याआधी प्रत्येकाला अंघोळ करायला लावावी, आणि रात्री पंप जादा चार तास चालवून सकाळी पुन्हा मोजावे. क्लोरीन २ च्या खाली गेले असेल तर यंत्राची वाट न पाहता द्रवरूप क्लोरीन द्यावे. हुरडा भाजायची आगटी वाऱ्याच्या दिशेचा विचार करून तलावापासून दूर लावावी. राख पाण्यात आली की पीएच चढतो.

पाहुणे गेल्यावर काठावरची फरशी साध्या पाण्याने धुवावी. आपल्याकडे काठाला शहाबादी फरशी लावण्याची पद्धत आहे. उडालेले खारे पाणी तिच्या छिद्रांत शिरते, कोरड्या हवेत लगेच वाळते, आत मिठाचे स्फटिक वाढतात आणि फरशीचे पापुद्रे सुटू लागतात. हा चुनखडीचा दगड असल्याने ॲसिडनेही खराब होतो, तेव्हा डाग काढायला ॲसिड वापरू नये. स्टीलची शिडी आणि दिव्यांच्या कड्याही धुवाव्यात. गंजाचा पहिला ठिपका दिसताच तो घासून काढला तर पुढे पसरत नाही.

फेब्रुवारी

फेब्रुवारीच्या मध्यानंतर दिवस झपाट्याने तापतो, कडुनिंबाची पानगळ सुरू होते आणि पाणी २२ अंशांच्या वर जाऊ लागते. क्लोरीनची भूक याच पंधरवड्यात वाढते आणि बहुतेक तलाव हिरवे होतात ते इथेच, कारण यंत्र अजून जानेवारीच्या टक्केवारीवर असते. पंपाचे तास आठवड्याला एकेक करून वाढवावेत, क्लोरीन दोन दिवसांआड मोजावे, पीएच पुन्हा ७.५ च्या आसपास आणावा आणि स्टॅबिलायझर तपासून कमी असल्यास ६०-७० पर्यंत न्यावा. फेब्रुवारी-मार्चमध्ये अवकाळी पाऊस आणि गारपीट होण्याचा मराठवाड्याचा अनुभव आहे. तसे झाल्यास आच्छादनावरचे पाणी तलावात न लोटता बाहेर उपसावे आणि नंतर सर्व मोजमापे पुन्हा घ्यावीत.

मिठाची खरेदी पाणी २५ अंशांवर स्थिरावल्यावर, स्वतंत्र मोजणीच्या आकड्यावरूनच करावी. बहुधा एखाद-दुसऱ्या गोणीपलीकडे लागत नाही, आणि आच्छादन नीट सांभाळले असेल तर तेवढेही नाही. धुळवडीच्या दिवशी मात्र तलावाच्या फाटकाला कुलूप लावावे आणि किल्ली स्वतःजवळ ठेवावी, कारण रंगाचे डाग ग्राउटमधून निघत नाहीत आणि रंगलेले पाणी फिल्टरला आठवडाभर पुरते.